पोटातल्याच्या नावाची सव्वा मूठ

पमे, तू खाटेवर उठून बसलीस, खोकलीस आणि चादरीवर रक्ताची गुळणी टाकलीस. त्याच वेळी तुझी सासू दाराशी उभी राहून डॉक्टरीणबाईंना विचारत होती, "बाई, पोटातलं लेकरू वाची जाई ना?"

बाईंनी आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तुझ्या सासूला, अक्कांना म्हणाल्या, "आजी, पोटात लेकरू नाही. कधी नव्हतंच."

"आसं कसं? आम्ही तपासी लिधं ना!"

तू ते ऐकलंस. तोंड रक्ताने भरलेलं, आणि तू सासूकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडेही नाही. भिंतीकडे पाहिलंस. मला तेव्हा जो राग आला तो काल सुतक फिटून तुझी गंधमुक्ती झाली तरी निवला नाही. काल पंगतीत तुझा चुलत सासरा म्हणाला, "देवाची मर्जी, आयुष्यच तेवढं होतं." चार जणांनी माना डोलावल्या. मी पानावरून उठले. अन्नाचा अपमान झाला म्हणाले. होऊ दे. आयुष्य तेवढं नव्हतं, पमे. ते तेवढं केलं गेलं.

तुझी माय गेली तेव्हा तू फ्रॉकात होतीस. तुझे आबा शेतात, घरात कोणी बाई नाही, म्हणून तुला माझ्याकडे धुळ्याला आणून टाकलं. मी फुई, आबांची थोरली बहीण, नवरा नाही, मूल नाही, पिठाची गिरणी एवढीच माझी. तुला वाढवीन असं मी म्हटलं नव्हतं. तू आपली वाढलीस. तोंडाला पीठ, भुवया पांढऱ्या, आणि गिरणीच्या उंबऱ्यावर उभी राहून मोठ्या माणसांना दम द्यायचीस, "ओ नाना, वला गहू आनू नका, जातं गच्च व्हस!" नाना मंडळी हसायची आणि गहू परत वाळवायला न्यायची. मी सांगितलं असतं तर भांडली असती. तुझ्या आवाजाने माझं घर घर झालं. हे मी तुला कधी बोलले नाही. अशा गोष्टी बोलायची मला सवय नाही.

मग तुझं लग्न झालं शिंदखेड्याकडच्या गावात. हिरामण कष्टाळू आहे, दारू पीत नाही, एवढं मी आजही म्हणेन. ज्योती झाली. तुझ्या सासूने ज्योतीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ठीक शे, पुढला आंडोर." आंडोर म्हणजे मुलगा. तेव्हापासून त्या घरात सगळे त्या पुढल्याचीच वाट पाहत होते.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा पोट भराभर वाढलं, उलट्या थांबेनात, अंगावरून जायला लागलं. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी पिशवी धुतली आणि मला बाजूला बसवून सांगितलं. मी चौथी शिकलेली, पण बाई अशा सांगायच्या की गिरणीवरच्या गड्यालाही कळावं. याला द्राक्षगर्भ म्हणतात. बाळ धरत नाही, द्राक्षाच्या घडासारखे पाण्याचे मणी धरतात. बहुतेक बायका पिशवी धुतल्यावर बऱ्या होतात. काहींच्या पोटात त्याचं मूळ राहतं आणि त्याचा कॅन्सर होतो.

तुझं मूळ राहिलं. छातीच्या फोटोत ठिपके आले.

मी पदर डोळ्याला लावला. बाई म्हणाल्या, "मावशी, रडू नका. हा कॅन्सर औषधाला ऐकतो. बाकीचे ऐकत नाहीत, हा ऐकतो. फक्त औषध पुरं घ्यायचं. मधे थांबायचं नाही. आणि बरी झाल्यावरही एक वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत."

हे हिरामणसमोर सांगितलं. तो टोपी हातात धरून मान हलवत होता. मग बाईंनी एक गोष्ट दोनदा सांगितली. गर्भार बाईच्या लघवीत जे उतरतं, तेच ही गाठही सोडते. म्हणून हिची लघवी तपासली आणि 'दिवस आहेत' असं आलं, तर ते बाळ नाही समजायचं, गाठ समजायची. आकडा खाली येत शून्यावर गेला की गाठ मेली. शून्य झाल्यावरही काही सुया घ्यायच्या, कारण डोळ्याला न दिसणारं काही मागे उरतं.

तू माझ्याकडेच राहिलीस. दिवसाआड सुई, मधल्या दिवशी तिचा उतारा म्हणून दुसरी सुई, मग काही दिवस सुटी, मग परत. तोंड आतून सोलून निघालं. तुला कळण्याची भाकरी आणि ठेचा लागायचा, आणि तू दुधात कुस्करलेली भाकरी चमच्याने गिळत होतीस. ठेच्याची वाटी मी उचलून आत ठेवली तर म्हणालीस, "ऱ्हाऊ दे फुई, वास तरी येऊ दे." आकडा खाली येत होता. बाई खूश होत्या. छातीचे ठिपके विरत चालले होते. पमे, तू बरी होत होतीस. हे मी वारंवार स्वतःलाच सांगते, म्हणजे कोणी मला 'आयुष्यच तेवढं होतं' म्हणालं तर उत्तर जिभेवर तयार असावं.

श्रावण लागला. अक्का आल्या, कानबाई देवी बसायची आहे, आधीच्या सारवण-लिंपणाला घरची सून हवी, चार दिवसांसाठी नेते म्हणाल्या. सुयांच्या दोन फेऱ्यांमधली सुटी होती. बाईंनी तारीख सांगून सोडलं. तू गेलीस. तारीख आली, तू आली नाहीस. मी निरोप धाडला. उत्तर आलं, "येतस."

मग हिरामण आला, तो एकटा. खांद्यावर रोटांच्या गव्हाची पिशवी.

तुला तर ठाऊकच आहे, कानबाईच्या नैवेद्याचे रोट करायचे तर घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. गावच्या गिरणीत मिरचीही दळतात म्हणून अक्का ते गहू दरवर्षी माझ्याकडे पाठवायच्या. मी जातं धुऊन, आधी मूठभर गहू त्यावरून काढून मग ते दळायची. हिरामणने पिशवी ठेवली आणि म्हणाला, "फुई, यंदा सव्वा मूठ जास्त शे."

"कोना नावनी?"

तो नव्या नवरदेवासारखा लाजला. "येणार शे त्याना नावनी."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "कोनी सांगं तुले?"

"दोंडाईचाले लघवी तपासी. दिवस शेतस म्हने."

"आनि तपासनारले सांगं का, हिले काय दुखनं शे?"

"ते कसाले सांगानं?" तो म्हणाला.

त्याला आठवत नव्हतं असं नाही, पमे. बाईंनी दोनदा सांगितलेलं त्याला आठवत होतं. ते त्याला नको होतं. पाळी चुकली, मळमळ झाली, यंत्र 'हो' म्हणालं, आणि कानबाईच्या तोंडावर म्हणालं. आणखी काय पाहिजे? मी ते गहू दळले, कारण रोटाचं दळण परत पाठवत नाहीत. पण पीठ त्याच्या हाती दिलं नाही. डोक्यावर घेतलं आणि त्याच्याबरोबर एसटीत बसले.

तुझ्या सासरी गेले तर दारात बायका गाणी म्हणत होत्या, चौरंगावर कानबाई सजली होती, आणि तू अक्कांच्या पुढे पाट टाकून बसली होतीस. अक्का तुझ्या डोक्याला तेल लावत होत्या. तुझे केस विंचरताना त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तुला नवं लुगडं होतं. तू माझ्याकडे पाहून हसलीस आणि मग नजर खाली घेतलीस.

मी स्वयंपाकघरात पीठ उतरवलं आणि म्हणाले, "अक्का, हाई लेकरू नही. गाठ बोली ऱ्हायनी. उद्या सकायना गाडीवर हिले धुळे लई चाला."

"कानबाईनी दिधं आनि तुम्ही त्याले गाठ म्हंतस?"

"मी नही म्हनत. डॉक्टरीण म्हनस."

"डॉक्टरीण मुंबईकडली. तिले काय आमनी कानबाई ठाऊक?" मग त्यांनी हातातली फणी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही दळण दळा. लेकरूना गोष्टी ज्यासले लेकरं व्हयनात त्या करतीन."

गाणं थांबलं. मला हे टोमणे नवे नाहीत, ते मला लागत नाहीत. मी हिरामणला म्हणाले, तू सांग, तुझ्यासमोर बाई बोलल्या. तो म्हणाला, "फुई, पोटात लेकरू आसताना ते जहर कसं टोचू? काही वंगाळ व्हयनं तर?" तुझे आबा रोटाच्या सणाला व्याह्यांकडे आले होते. मी भावाला म्हणाले, तू बाप आहेस, बोल. तो म्हणाला, "बाई, दिलेली पोर शे. त्यास्ना घरनी गोष्ट."

रोट घरच्या भाऊबंदांनीच खायचे असतात, पाहुण्यांना देत नाहीत. त्या दिवशी मला कळलं की तोंड उघडायचंही तसंच आहे.

मग मी तुलाच विचारलं. तू सातवी शिकलेली. तूच त्या सुया घेतल्या होत्यास. तू म्हणालीस, "फुई, तू जाय घर."

मी गेले. तुझा माझा बोलण्याचा संबंध तिथे तुटला तो तू रक्त ओकायला लागल्यावर, गिरणीशेजारच्या सोयाबाईच्या दुकानातल्या फोनवर हिरामणचा रडका आवाज आला तेव्हा जुळला.

आता त्या पहिल्या दिवसाकडे येते, चादरीवरच्या रक्ताच्या दिवसाकडे. बाईंनी तीच सुई परत सुरू केली. आकडा हलला नाही. परत दिली, उलट चढला. बाईंनी हिरामणला आणि मला बसवलं. म्हणाल्या, "गाठीतले सगळे कण सारखे नसतात. औषध दिलं की कच्चे आधी मरतात. काही चिवट असतात, त्यांना मारायला औषध सलग लागतं. मधे सोडलं की कच्चे गेलेले असतात, मागे चिवटच उरतात, आणि पुढे त्यांचीच पिलावळ वाढते. ती गाठ दिसायला तीच, पण औषधाला ओळख देत नाही. औषध आत गेलं तरी ते बाहेर टाकायला, त्याच्या वाटा बंद करायला ती शिकलेली असते."

हिरामण जमिनीकडे पाहत हळूच म्हणाला, "कपाशीवरल्या अळीगत."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

पमे, मी तिथे त्याच्या कानाखाली वाजवली नाही ती बाईंच्या लाजेने. म्हणजे याला माहीत होतं! बोंडअळीवर अर्धी फवारणी करून पंप ठेवला तर उरलेली अळी पुढच्या फवाऱ्याला मरत नाही, हे त्याला माहीत होतं. वारा असो, ऊन असो, कपाशीची एक ओळ याने कधी कोरडी सोडली नाही. शेजाऱ्याने पाणी जास्त घालून औषध मारलं तर हा बांधावरून शिव्या द्यायचा, "तुन्ही अळी मन्हा वावरमा ई!" आणि बायको अर्ध्यात सोडली.

त्याने बाईंना विचारलं, खंड पडला नसता तर वाचली असती का? बाई खऱ्या बोलणाऱ्या. म्हणाल्या, "खंड न पडताही कधी कधी असं होतं. नक्की कोणी सांगू शकत नाही. पण खंड पडायला नको होता."

त्या बोलण्यातलं पहिलं अर्धं हिरामणने घेतलं. तेवढंच तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. दुसरं अर्धं मी घेतलं. माझ्याकडे ते राहणार.

दुसरं औषध आणलं. ते लागू पडलं. तू उठून बसायला लागलीस, ज्योतीची वेणी घातलीस, मला म्हणालीस, "गिरनीना पट्टा ढिला वाजी ऱ्हायना, दख." आठवडाभर घरात मी सणासारख्या पुरणाच्या पोळ्या केल्या. मग तेही औषध थकलं. मग मुंबई. तिथे चार-पाच औषधं एकत्र. केस गेले. आरशात पाहून म्हणालीस, "अक्कास्ले सांग, फनी फेकी द्या." शेजारच्या खाटेवरची बाई हसावं की रडावं म्हणून बघतच राहिली. आकडा आधी निम्मा झाला, मग जागच्या जागी थांबला, मग वर निघाला. प्रत्येक औषधाने थोडी गाठ मारली आणि उरलेली आणखी चिवट केली. मुंबईच्या डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, घरी न्या. तू कोणत्या घरी म्हणून विचारलं नाहीस. गाडी धुळ्याला थांबवायला सांगितलीस.

शेवटच्या त्या दिवसांत हिरामण रोज यायचा. उंबऱ्यात बसायचा. त्याला तुझ्याजवळ बसायचं धैर्य नव्हतं आणि मी त्याला बस म्हटलं नाही. अक्का एकदाच आल्या, लिंबू उतरवून गेल्या.

आणि मग एका दुपारी, गिरणी बंद होती, वीज नव्हती, तू म्हणालीस, "फुई, माले अर्धं ठाऊक व्हतं."

"काय?"

"लेकरू नही ते. ज्योतीना वखतले जसं वाटे तसं वाटतच नव्हतं."

मी लुगड्याला हात पुसले. "मंग का नही बोलनी?"

"अक्का मन्हा डोकाले तेल लावेत." तुला दम लागत होता. "ज्योती व्हयनी तठपाईन त्या मन्हासंगे सरळ बोलन्याच नव्हत्यात. तव्हय माले 'माय, जेव' म्हनेत. वाटे, खरं बी आसंल. आनखी थोडा दिन. मंग सांगसू."

मी तुझ्यावर ओरडले. मरणाऱ्या माणसावर ओरडू नये म्हणतात. मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. तेलासाठी? दोन घास आयते मिळाले म्हणून? माझ्याकडे तेल नव्हतं का? तुझी वेणी मी घातली नाही का सासरी जाईपर्यंत? ज्योतीचं काय? तू सगळं ऐकून घेतलंस आणि हसलीस.

"बाकी बठ्ठा लोक मन्हासंगे हळूहळू बोलतस," तू म्हणालीस. "तू वरडनी ते बरं वाटनं."

त्या भांडणाचं उत्तर तू दिलंच नाहीस. मला अजून ते हवं आहे. मी म्हणते, तू मूर्ख होतीस. तू काय म्हणणार मला ठाऊक आहे: फुई, तुले कोनी 'तू आम्हनी नही' म्हनी नही, तुले काय कये. असं म्हणाली असतीस तर मला गप्प बसावं लागलं असतं, म्हणून तर ते न बोलता गेलीस की काय? एका बाईला घरात माणूस म्हणून बसायला पोटात मुलगा असावा लागतो, आणि तो नसला तर गाठही चालते. हे मी कोणावर सोडू, पमे? अक्कांवर सोडलं तर त्यांनाही त्यांच्या सासूने असंच बसवलं असणार. मला त्यांची दया येत नाही. नुसतं सांगते.

ज्योती त्यांच्याकडे आहे. मी मागितली, दिली नाही. हिरामणला पुन्हा बोहल्यावर चढवायचं बोलणं काल पंगतीतच सुरू झालं. मी आबांना सांगून ठेवलंय, यावेळी 'त्यास्ना घरनी गोष्ट' म्हणालास तर माझ्या दारात येऊ नको. ज्योती दर सुटीत माझ्याकडे येणार. ते मी मागितलेलं नाही, सांगितलेलं आहे.

आज सकाळी गिरणी उघडली. सुतकात बंद होती, पट्ट्यावर धूळ बसली होती. तोच एक बाई दारात येऊन उभी राहिली. शिरपूरच्या वरच्या डोंगरातली जमना. धुळ्याच्या वॉर्डात तुझ्या पलीकडच्या खाटेवर होती, तुझ्या त्या पहिल्या सुयांच्या वेळी. तिलाही द्राक्षगर्भच, तिच्याही छातीत ठिपके, तिचंही तोंड सोललेलं. नवरा तिला दवाखान्याच्या पायरीवर सोडून गेला तो दिसला नाही. ती वॉर्डातच जेवायची, व्हरांड्यात झोपायची, बोलवलं की हात पुढे करायची. तू तिला तुझ्या डब्यातलं दूध द्यायचीस, म्हणून तिला गिरणी ठाऊक होती. तपासायला आली होती. लघवी कधीचीच साफ आहे म्हणाली, छातीही साफ. आता बाईंनी फार दिवसांनी या म्हणून सांगितलंय.

"पमाबाई कोठे शे?" तिने विचारलं.

"मेली," मी म्हणाले.

ती खाली बसली. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "तुले मधमा कोनी घर लई जावाले ऊनं नही का व? सनले, नही त लगीनले?"

"माले कोन येस, माय," जमना म्हणाली. "कोनीच नही ऊनं."

तुला न्यायला सगळे आले होते, पमे, सासू, नवरा, नवं लुगडं, देवी. तिला न्यायला कोणी आलं नाही, म्हणून ती शेवटच्या सुईपर्यंत तिथेच राहिली. आजार एकच होता, औषध एकच होतं. जमना वाचली.